झाकण कुठंय याचं? बॅटरीवाल्या पेनाची दीडशे वर्षं

मी बोलतेय रामवाडीहून. रामवाडी म्हणजे पेणची रामवाडी, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेली, जिथे एसटीच्या रायगड विभागाचं ऑफिस आहे ती. पेणला राहून पेनावर एपिसोड करतेय, त्यामुळे आत्ता तुमच्या डोक्यात जे विनोद आले असतील ते सगळे मी शाळेपासून ऐकलेत. ते बाजूला ठेवू आणि सुरुवात करू.

विषय तसा किरकोळ वाटेल. माझ्या टॅबचं पेन, म्हणजे स्टायलस, मेलं. आतली चार्जिंगची बॅटरी एकदा संपली ती परत उठलीच नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं एखादं पेन, एखादे इअरबड, एखादं स्मार्ट घड्याळ ड्रॉवरमध्ये पडून असणार. टाकवत नाही आणि चालतही नाही. मीही ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरले असते. पण त्या पेनात माझं एक काम अडकलं होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागले आणि मागे लागता लागता थेट १८७६ सालापर्यंत पोचले.

काम काय होतं ते आधी सांगते.

बाबांचा हात

माझे बाबा हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. पेणबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी आखणीवाला बसतो. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ. तोवर ती मूर्ती नुसती मूर्ती असते, डोळे झाले की ती तुमच्याकडे बघायला लागते. चुकलेली रेघ पुसता येते, पण पुसलेली रेघ कळते. हमरापूर, जोहे या गावांत घराघरांत हे काम चालतं, पण चांगल्या आखणीवाल्याला शोधत लोक येतात.

बाबांनी हे काम तीस वर्षं केलं. मागच्या वर्षापासून त्यांचा हात थरथरायला लागला. रोज नाही. काही दिवस अगदी पूर्वीसारखा, काही दिवस चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. डॉक्टर, औषधं ते सगळं चालू आहे. पण मला वाटलं, ज्या दिवशी हात चांगला असतो त्या दिवशी त्यांना टॅबवर डोळे काढायला लावावेत. कागदावर रेघ नुसती उमटते. टॅबवरचं ॲप मात्र रेघ कुठून सुरू झाली, किती वेगात गेली, कुठे दाब दिला, कुठे सोडला, हे सगळं धरून ठेवतं. नंतर ती रेघ परत सावकाश चालवून बघता येते. शिकणाऱ्या पोराला याहून चांगला नमुना कुठला?

बाबा आधी हसले. मग त्यांना गंमत वाटायला लागली. अकरा जोड्या काढून झाल्या. मग सीझन आला, कारखान्यात रात्रपाळ्या सुरू झाल्या, आणि टॅब-पेन दोन्ही दीड महिना कपाटात. गणपती गेल्यावर एका सकाळी बाबा आपणहून म्हणाले, आज हात बरा आहे, आण तुझी पाटी. मी पेन काढलं. चार्जिंगला लावलं. दिवा नाही. तासभर थांबलो. दिवा नाही.

काकांचा प्रश्न

मी ते पेन घेऊन तीन ठिकाणी गेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तिथे सांगितलं की याची बॅटरी सुटी मिळत नाही, नवीन पेन घ्या. बाजारातल्या मोबाइल रिपेअरवाल्या दादाने नखाने शिवण शोधली आणि म्हणाला, गोंदाने चिकटवलंय, उघडायचं म्हणजे फोडायचं, आणि फोडलं तर ते परत पेन होणार नाही. बिचाऱ्याने पैसे घेतले नाहीत.

तिसरे आमचे शेजारचे काका. एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर. काकांनी पेन हातात घेतलं, चष्मा वर केला, दोन्ही टोकं बघितली आणि विचारलं, "बाय, झाकण कुठंय याचं?"

मी म्हटलं, काका, याला झाकण नसतं.

"मग पाणी कुठून घालायचं?"

मी हसले. काकाही हसले, पण प्रश्न त्यांनी खरंच विचारला होता. कारण काकांच्या हातून जी बॅटरी आयुष्यभर गेली तिला झाकणं असायची. एसटीची जुनी बॅटरी डोळ्यांसमोर आणा. बारा व्होल्टची एक पेटी, आत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यावर एक फिरकीचं बूच. बस २४ व्होल्टवर चालते, म्हणून अशा दोन पेट्या जोडायच्या. बूच काढायचं, आतलं पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटरने आतलं ॲसिड किती दाट आहे ते मोजायचं. कुठला कप्पा बसलाय ते त्यावरून कळायचं. बॅटरी म्हणजे काकांच्या लेखी गुरासारखी गोष्ट. पाणी दाखवायचं, अंग चोळायचं, लक्ष ठेवायचं.

घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. झाकण कुठे गेलं? आणि ते कधी गेलं? आजचा एपिसोड म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिलं बॅटरीवालं पेन

बॅटरीवर चालणारं पेन ही आयपॅडच्या जमान्यातली कल्पना आहे असं मला वाटायचं. चूक. ८ ऑगस्ट १८७६ ला अमेरिकेत थॉमस एडिसनला एका पेटंटची मंजुरी मिळाली. त्याच्या विजेच्या पेनाची. बल्ब अजून यायचा होता, फोनोग्राफ अजून यायचा होता. पेन आधी.

हे पेन शाईने लिहीत नव्हतं. पेनाच्या डोक्यावर एक छोटी विजेची मोटर आणि आत एक सुई. मोटर चालली की सुई झपाट्याने खालीवर व्हायची आणि तुम्ही लिहाल त्या रेघेवर कागदाला बारीक भोकं पाडत जायची. मग तो भोकांचा कागद दुसऱ्या कागदावर ठेवून वरून शाईचा रूळ फिरवायचा. भोकांतून शाई खाली उतरायची. एकदा लिहा, पुष्कळ प्रती काढा. झेरॉक्सच्या फार आधीची झेरॉक्स म्हणा.

आणि ही मोटर चालायची कशावर? टेबलावर ठेवलेल्या काचेच्या बरण्यांतल्या बॅटरीवर. ॲसिडची बॅटरी. पेनापासून बरणीपर्यंत वायर. ऑफिसातल्या कारकुनाने लिहायचंही आणि बरणीतलं रसायनही सांभाळायचं. काका असते तर त्यांनी ते आनंदाने केलं असतं. कारकुनांना ते नको होतं. पेन विकलं गेलं, गाजलं, पण बॅटरीची कटकट त्याच्या मागे लागली ती सुटली नाही. मग विजेशिवाय चालणारे पर्याय आले, टाइपरायटर आला, आणि विजेचं पेन मागे पडलं.

म्हणजे बघा. जगातल्या पहिल्या बॅटरीवाल्या पेनाचं दुखणं आणि माझ्या पेनाचं दुखणं एकच. लिहिणारा भाग ठणठणीत, बॅटरीने घात केला.

पण ते पेन वाया गेलं नाही. भोकांतून शाई उतरवायची जी कल्पना होती, ती शिकागोच्या ए. बी. डिक यांनी एडिसनकडून हक्क घेऊन पुढे नेली, १८८७ पासून मिमिओग्राफ या नावाने विकली. त्याच जातीचं दुसरं यंत्र म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं सायक्लोस्टाइल. तुमच्या आईबाबांना विचारा, शाळेच्या घटक चाचणीच्या जांभळट-काळ्या प्रश्नपत्रिका कशा यायच्या. आणि त्या खालीवर होणाऱ्या सुईचं काय झालं? १८९१ मध्ये सॅम्युएल ओ'रायली या न्यूयॉर्कच्या माणसाने त्याच धर्तीवर गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. आपल्या जत्रेत बॅटरी जोडलेल्या मशीनने दंडावर नाव गोंदून देणारा बसतो ना, त्याच्या हातातली सुई नात्याने एडिसनच्या पेनाची पणती लागते.

भरता येणारं पेन

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे पेन म्हणजे कायम भरायची किंवा घासायची वस्तू. बोरू झिजला की चाकूने परत तासायचा. टाक दौतीत बुडवायचा. निब वाकली की निब बदलायची, टाक तोच. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी एक छोटा धंदा सुरू केला. 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या. गोळी पाण्यात टाकायची, शाई तयार. म्हणजे टॅबलेट आणि पेन ही जोडी आपल्याकडे १९३१ पासून आहे, फक्त टॅबलेट पाण्यात विरघळायची! पुढे त्यांची फाउंटन पेनची कॅमल शाई आली आणि या घराण्याचं नाव आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत पोचलं. कॅमलिन. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला.

मग बॉलपेन आलं. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शाई भरायची गेली, पण कांडी आली. रिफिल. शब्दच बघा, रिफिल म्हणजे परत भरणं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी एकाच आवडत्या पेनात दहा-दहा कांड्या घातल्या असतील. पेन आपलं, कांडी दुकानदाराची, आणि कांडी संपली म्हणून कुणी पेनाला मेलं म्हणत नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो, कारण ती आपल्या तालुक्याची आहे आणि आपल्या पॉडकास्टच्या जातीचीही आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १८९५ चा जन्म. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलायचे. ऐकणारे कैदी. आणि ते बोलणं ऐकता ऐकता उतरवून घेणारे साने गुरुजी. आज आपल्या हातात 'गीता प्रवचने' आहे ती त्या लेखणीमुळे. तुम्ही आत्ता वाचताय तोही ट्रान्सस्क्रिप्टच आहे, म्हणून मला ही गोष्ट जवळची वाटते. विचार करा, अठरा रविवार. बोलणारा परत तेच बोलणार नाही. त्या वेळी लेखणीने लिहिलं पाहिजे. सर्व्हिस सेंटर नंतर काय म्हणतं याला तिथे काही अर्थ नाही.

माझंही तेवढंच म्हणणं होतं. बाबांचा हात चांगला असतो त्या दिवशी पेन चाललं पाहिजे.

झाकण का गेलं

आता बॅटरीचा इतिहास, थोडक्यात. परत चार्ज होणारी पहिली बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. काकांची एसटीची बॅटरी म्हणजे तीच, सुधारून वाढवलेली. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची बॅटरी आणली. जुने कॉर्डलेस फोन, ट्रिमर यांत ती असायची.

मग लिथियम. १९७० च्या दशकात स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी पाया घातला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा मार्ग दाखवला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती वापरायला सुरक्षित केली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. तुमच्या खिशातला फोन या तिघांच्या डोक्यावर चालतो.

लिथियमची बॅटरी हलकी, छोटी आणि ताकदवान. पण तिच्या आत पाणी चालत नाही. हवेतला ओलावासुद्धा चालत नाही, आणि कोकणात हवेत ओलावा सोडून दुसरं असतं काय! आतलं द्रव पेट घेऊ शकतं. म्हणून तो सेल कारखान्यातच कायमचा बंद करतात. तर काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. लिथियमच्या सेलला झाकण नाही, कारण असूच शकत नाही. तिथे कंपनीची चूक नाही, ते रसायन तसंच आहे.

आणि माझा सेल मेला का? त्याचंही उत्तर इथेच आहे. भरलेला लिथियमचा सेल साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. अडीच व्होल्टच्या आसपास आला की आतली सुरक्षा सर्किट म्हणते, बस, आता बंद. पण बंद झालेलं पेनही थोडी थोडी वीज खातच असतं आणि सेल आपोआपही झिरपत असतो. फोनच्या मोठ्या सेलात ते खपून जातं. पेनातला सेल केवढासा! ॲपलच्या २०१५ च्या पहिल्या पेन्सिलमधला सेल ०.३२९ वॉट-तासांचा होता, त्या वेळच्या आयफोनच्या बॅटरीच्या विसाव्या भागाएवढा. तिकडे समजा १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची गाडीची बॅटरी घेतली, तर ती १,२०० वॉट-तासांची. म्हणजे गाडीच्या एका बॅटरीत अशी साडेतीन हजारांवर पेनं भरतील. पेनातल्या एवढ्याशा सेलात साठा मुळातच घोटभर. दीड महिना कपाटात राहिला की तळ गाठतो.

तळ गाठला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो. नंतर जबरदस्तीने चार्ज केलं तर ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून चार्जर अशा सेलाला ओळख दाखवत नाही. दिवा लागत नाही तो या कारणाने. इंटरनेटवर अशा सेलाला बाहेरून झटका देऊन उठवायचे व्हिडिओ आहेत. प्लीज, ते करू नका. तो सेल कुणी दुष्टपणाने बंद केलेला नाही, तो तुमच्या हातात पेटू नये म्हणून बंद झालाय.

तीन वाटा

आता उरलेलं अर्धं उत्तर. सेलाला झाकण नाही हे समजलं. पण पेनाला का नाही?

त्यासाठी स्टायलसचा इतिहास बघावा लागतो. १९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांनी प्रकाशाच्या पेनाने थेट स्क्रीनवर चित्र काढून दाखवलं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेने पाटी आणि पेन अशी जोडी बनवली. या पेनांना वायर होती, बॅटरीचा प्रश्नच नव्हता. वायर गेली आणि मग प्रश्न आला, पेनाला वीज कोण देणार? इथे तीन वाटा फुटल्या.

पहिली वाट जपानची. वॅकॉम ही कंपनी १९८३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वायर नसलेलं पेन आणलं. त्यांची युक्ती अशी, की पाटीच चुंबकीय लहर सोडते, पेनातली तारेची गुंडाळी त्यातून थोडी वीज उचलते आणि त्याच विजेवर पाटीला उत्तर देते. पेनात सेल नाहीच. शेजारच्याच्या दिव्यात अभ्यास करणाऱ्या पोरासारखं ते पेन. त्याचा स्वतःचा दिवा नाही, म्हणून विझायची भीतीही नाही. २०११ मध्ये सॅमसंगच्या नोट फोनमध्ये हीच पद्धत आली. अशी पंधरा-वीस वर्षं जुनी पेनं आजही चालतात, कारण त्यांच्यात मरायला बॅटरी नाही.

दुसरी वाट बदलत्या सेलची. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबच्या पेनात २०१४-१५ च्या सुमारास एएएए, म्हणजे चार एवाला बारीक सेल घालायचे. मागचं टोक फिरवायचं, सेल काढायचा, नवा घालायचा. कांडीच म्हणा ना.

तिसरी वाट बंद पेनाची. आत लिथियम, बाहेर गोंद. २०१५ ची ॲपलची पेन्सिल या वाटेची सगळ्यात गाजलेली. पंधरा सेकंद चार्ज केलं की अर्धा तास चालते, असं कंपनी सांगायची, आणि वापरायला ती उत्तमच आहे. पण सेल संपला की आत हात घालायला जागा नाही. या वाटेवर मग सगळेच गेले, स्वस्तातलेही आणि महागातलेही. मायक्रोसॉफ्टचं २०१९ चं नवं पेनही चार्जिंगचंच निघालं.

बंद पेनाच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे आहेत. झाकण, स्क्रू, स्प्रिंग याला जागा लागते, पेन जाड होतं. बंद पेनात धूळ-पाणी कमी जातं. लोकांना बारीक, गुळगुळीत पेन हवं असतं, आणि आपणही दुकानात तेच उचलतो. मीही उचललं होतं. पण मंडळी, दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सेलाला झाकण नाही, हे रसायनाने ठरवलं. पेनाला झाकण नाही, हे माणसांनी ठरवलं. पहिलं बदलता येत नाही. दुसरं बदलता येतं, आणि ते बदलायला सुरुवात झालीये. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीचा नवा कायदा केला. त्यात छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असं बंधन आहे, काही अपवाद सोडून, आणि त्याची तारीख आहे १८ फेब्रुवारी २०२७.

आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांचा भर वेगळा आहे. बॅटरी बनवणाऱ्याने आणि आणणाऱ्याने वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायच्या, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. काकांच्या जमान्यात यासाठी नियम लागत नव्हता. शिशाच्या जुन्या बॅटरीला भाव आहे, दुकानदार ती घेऊन नवीत पैसे कमी करतो, म्हणून ती कुणी टाकत नाही. माझं पेन मी भंगारवाल्याला दाखवलं. त्याने वजनाच्या नजरेने बघितलं आणि परत दिलं. एवढ्याशा लिथियमला भाव नाही, म्हणून ते घंटागाडीत जातं, तिथे दाबलं जातं, आणि दाबलेला लिथियमचा सेल आग लावू शकतो.

तुमचं पेन असं झालं तर

लगेच मेलं असं समजू नका. दुसऱ्या केबलने, दुसऱ्या चार्जरने तासभर लावून बघा. चार्जिंगची जागा कोरड्या ब्रशने साफ करा, आपल्याकडे पावसाळ्यात तिथे हिरवट थर धरतो. पुढचं टोक सैल झालं असेल तर घट्ट करा, कित्येकदा दुखणं तेवढंच असतं. टॅब बंद करून चालू करा, ब्लूटूथमधून पेन काढून परत जोडा. एवढं करून दिवा लागला नाही, किंवा पेन फुगलं वा गरम झालं, तर थांबा. टोचू नका, फोडू नका. टोकाला चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

आणि चालू पेन ठेवून द्यायचं असेल तर अर्धं चार्ज करून ठेवा, महिन्यातून एकदा बघा. पूर्ण रिकामं ठेवू नका, मे महिन्यात खिडकीत ठेवू नका. मला हे सीझनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर हा एपिसोड झाला नसता.

मग बाबांचं काय झालं

त्या सकाळी बाबा कागदावर बसले. जुना बारीक ब्रश, काळा रंग, ड्रॉइंगचा कागद. चार जोड्या काढल्या. मी वरून मोबाइलने व्हिडिओ घेतला. हात पडद्याआड जातो, दाब कळत नाही, पण वेग कळतो. पुढच्या आठवड्यात अजून एक चांगला दिवस आला, तोही कागदावरच गेला.

माझ्या टॅबला चालेल, दाब ओळखेल आणि ज्याचा सेल बदलता येईल असं पेन शोधायला मला तीन आठवडे लागले. दिसायला जाड आहे. त्याचा चार एवाला सेल पेणच्या बाजारात मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला, म्हणून चार एकदम मागवून ठेवलेत. आल्यावर पहिल्यांदा काकांना दाखवायला नेलं. काकांनी मागचं टोक फिरवलं, सेल बाहेर काढला, परत घातला, परत फिरवलं. म्हणाले, "हां. आता पेन झालं."

बाबांच्या आता एकोणीस जोड्या टॅबवर आहेत. परवाच्या दोन जोड्यांत रेघ थोडी हलली आहे. मी विचारलं, पुसू का? बाबा म्हणाले, राहू दे, पोरांना तीही बघू दे, हात हलल्यावर रेघ कशी सांभाळायची ते कळेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी टॅबचं पेन, इअरबड, घड्याळ काहीही घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि किंमत विचारून झाली की दुकानदाराला काकांचा प्रश्न विचारा. झाकण कुठंय याचं? तो हसेल. हसू दे. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कंपनीच्या माणसाला विचारेल.

तुमच्या ड्रॉवरमध्ये काय काय मरून पडलंय ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात सायक्लोस्टाइलवर सविस्तर बोलू, कारण आमच्या शाळेच्या माळ्यावर एक सापडलंय आणि त्याला झाकण आहे. तोवर, रामवाडीहून नमस्कार.